सहा कोटी डॉलरचं शाळेचं स्टेडियम: टेक्सासमधल्या ॲलन गावाचं प्रकरण

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आईबाबा आमच्याकडे आले होते. मुलगी तेव्हा नववीत, आमच्या शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची, आणि एका शुक्रवारी त्यांची मॅच शेजारच्या ॲलनला होती म्हणून आम्ही सगळेच गेलो. बाबांनी ३१ वर्षं तालुक्याच्या हायस्कूलमध्ये शिकवलं. त्यांच्या शाळेचं मैदान म्हणजे फक्कीने आखलेला ट्रॅक, एका कडेला लिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या, म्हणजे मी पण त्याच मैदानावर खोखो खेळलेय. इथे पार्किंगमधून चालत आत आलं की आपण वरच्या पातळीवर असतो, आणि एकदम समोर खाली खोलगट भागात ते हिरवंगार मैदान दिसतं, दोन्ही बाजूंनी चढत गेलेल्या खुर्च्या, टोकाला भला मोठा व्हिडिओ स्क्रीन, दिवे असे की रात्री वर्तमानपत्र वाचता येईल. बाबा कठड्याला धरून दोन मिनिटं नुसते बघत राहिले.

"कॉलेजचं आहे का गं हे?"

"नाही बाबा, हायस्कूलचं."

"म्हणजे सगळ्या शाळांचं मिळून?"

"नाही. ह्या एकाच शाळेचं."

मग थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग जे विचारलं ते मात्र मास्तरांनी विचारावं तसंच होतं. "मग पैसे कोणी घातले, आणि आता ह्याचं वीज-पाणी कोण भरतं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अर्धवट येत होतं, दुसऱ्याचं अजिबात नाही. मी अकाउंटिंगमध्ये काम करते, दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब बघते, आणि इतकी वर्षं ह्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) घराचा टॅक्स भरून मला हे माहीत नव्हतं ह्याची मला खरंच लाज वाटली. तेव्हापासून हे प्रकरण मी जमेल तसं वाचत आलेय. ज्यांची मुलं इथल्या शाळांमध्ये आहेत (आणि डॅलसच्या उत्तरेला ॲलन, प्लेनो, फ्रिस्को, मकिनीला आता आपली मराठी कुटुंबं भरपूर आहेत) त्यांना तरी उपयोग व्हावा म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी गाव समजून घ्या. ॲलन डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीत. १९७० साली लोकसंख्या दोन हजारसुद्धा नव्हती. १९९० ला १८ हजार, २००० ला साडेत्रेचाळीस हजार, २०१० ला ८४ हजार. म्हणजे वीस वर्षांत चौपटीच्या वर. अशी वाढ झाली की बाकीची गावं काय करतात, तर दुसरं हायस्कूल बांधतात, मग तिसरं बांधतात. प्लेनोत तीन मोठी सिनियर हायस्कूल्स आहेत, फ्रिस्कोत तर डझनभर झाली. ॲलनने ठरवलं की आपलं हायस्कूल एकच राहील. त्यामुळे ती शाळा फुगत फुगत पाच हजार मुलांची झाली, बँडमध्येच सहाशेच्या वर मुलं, देशातल्या सगळ्यात मोठ्या मार्चिंग बँडमध्ये त्याचं नाव घेतात. आपल्याकडे विसर्जनाला एखादं मोठं ढोलपथक निघालं की रस्ता जसा थरथरतो ना, तसं ह्यांचा बँड मैदानात उतरला की बसायच्या बाकाला कंप जाणवतो, मी स्वतः अनुभवलाय.

हे एकच हायस्कूल ठेवायचं प्रकरण मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण स्टेडियमवर टीका करणारे ते नेहमी वगळतात. एक शाळा म्हणजे एकच फुटबॉल टीम (फुटबॉल म्हणजे इथलं अमेरिकन फुटबॉल, आपलं पायाने खेळायचं नव्हे), एकच बँड, आणि अख्खं गाव शुक्रवारी एकाच मैदानावर. जुनं स्टेडियम १९७० च्या दशकातलं. तिथे १४ हजार लोक बसायचे, पण त्यातल्या निम्म्या जागा पक्क्या नव्हत्या, तात्पुरते स्टँड उभे करून भागवायचे, आणि बाथरूमला, खाण्याच्या स्टॉलला रांगा. म्हणजे गरज होती. दुसरं हायस्कूल बांधायला गेले असते तर स्टेडियमपेक्षा कितीतरी जास्त पैसा लागला असता, हे ॲलनच्या लोकांचं म्हणणं मला हिशोबाने पटतं.

तर २००९ च्या मे महिन्यात डिस्ट्रिक्टने लोकांपुढे बॉण्ड ठेवला. इथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे नगरपालिकेचा शिक्षण विभाग नव्हे, ती स्वतंत्र संस्था असते, तिचं बोर्ड निवडून येतं आणि तिला स्वतःचा टॅक्स लावायचा अधिकार असतो. मोठं बांधकाम करायचं असेल तर बॉण्ड काढायचे म्हणजे बाजारातून कर्ज घ्यायचं, त्यासाठी मतदारांची परवानगी घ्यायची, आणि मग वीसपंचवीस वर्षं प्रॉपर्टी टॅक्समधून हप्ते फेडायचे. ॲलनचा बॉण्ड होता ११.९४ कोटी डॉलरचा. त्यात तीन मोठी कामं होती: स्टेडियम, एक मोठं नाट्यगृह, आणि बस वगैरे ठेवायचं सर्व्हिस सेंटर. त्यातलं स्टेडियम ५.९६ कोटींचं, म्हणजे जवळजवळ निम्मं. जवळजवळ ६४ टक्के मतांनी पास झालं. तिन्ही कामं मिळून मत एकच, म्हणजे ज्याला मुलांसाठी नाट्यगृह हवं होतं पण स्टेडियम नको होतं त्याला ते सांगायची सोयच नव्हती. शिवाय मे महिन्यातल्या ह्या स्थानिक मतदानाला येतातच थोडे लोक, आणि जे येतात ते बहुतेक त्या विषयात जीव अडकलेले असतात.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. त्या मॅचनंतरच्या रविवारी आम्ही किचन टेबलवर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल पसरून बसलो, ते नुकतंच आलेलं होतं. त्यात काउंटीची ओळ, शहराची ओळ, कॉलेजची ओळ आणि स्कूल डिस्ट्रिक्टची ओळ. स्कूलची ओळ बाकी सगळ्यांना एकत्र केलं तरी त्यांच्यापेक्षा मोठी. आणि त्या एका ओळीच्या पोटात दोन रेट असतात. एक मेंटेनन्स अँड ऑपरेशन्स, म्हणजे पगार, वीज, पाणी, बसचं डिझेल, रोजचा संसार. दुसरा इंटरेस्ट अँड सिंकिंग, म्हणजे फक्त बॉण्डचे हप्ते. बाबांना हे लगेच कळलं, कारण ते आमच्या सांगलीच्या सोसायटीचे दहा वर्षं खजिनदार होते. म्हणाले, "म्हणजे आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा आणि सिंकिंग फंड वेगळा तसंच." अगदी तसंच. फरक एवढाच की सोसायटीत जनरल बॉडीत भांडून का होईना आपण इकडचं तिकडे करायची चर्चा तरी करतो, इथे कायद्याने सक्त मनाई. बॉण्डच्या पैशातून एका शिक्षकाचा एका दिवसाचा पगारसुद्धा देता येत नाही.

"स्टेडियमऐवजी शिक्षकांना पगारवाढ का नाही दिली" असं कोणी म्हटलं की डिस्ट्रिक्टवाले हेच उत्तर देतात. दोन डबे वेगळे आहेत, त्यातला पैसा ह्यात घालताच येत नाही. हे शंभर टक्के खरं आहे. पण ते अर्धंच खरं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डबे दोन असले तरी भरणारा खिसा एकच आहे ना. आणि राज्याने ह्या दोन डब्यांवर जे नियम लावलेत त्यामुळे डिस्ट्रिक्टचा ओढा आपोआप बांधकामाकडेच जातो. रोजच्या खर्चाच्या रेटवर राज्याची मर्यादा असते, तो ठरावीक पातळीच्या वर न्यायचा तर पुन्हा मतदान घ्यावं लागतं. त्यातही ज्या डिस्ट्रिक्टमध्ये घरांच्या किमती जास्त आहेत त्यांच्या रोजच्या खर्चाच्या टॅक्समधला वाटा राज्य काढून घेतं आणि गरीब डिस्ट्रिक्टना देतं, लोक त्याला इथे रॉबिनहूड म्हणतात. बॉण्डच्या डब्याला मात्र हे लागू नाही, तो पैसा शंभर टक्के गावातच राहतो. आता तुम्ही बोर्डावर बसलेले असाल तर काय कराल? शिक्षकांसाठी टॅक्स वाढवायला गेलात की अर्धी कटकट आणि वर वाटा ऑस्टिनला, म्हणजे राज्याच्या राजधानीला जाणार, इमारतीसाठी वाढवलात तर सगळं इथेच उभं राहतं, डोळ्यांना दिसतं, फीत कापता येते. म्हणून मला ॲलनच्या बोर्डाचा राग येत नाही, जे दार उघडं होतं त्यातून ते गेले.

आणि किंमत म्हणताना सगळे "सिक्स्टी मिलियन" म्हणून थांबतात, तेही चुकीचं आहे. घर घेताना आपण काय बघतो? बिल्डरने सांगितलेला आकडा की ईएमआय गुणिले महिने? समजा, फक्त अंदाज यावा म्हणून, सहा कोटी डॉलर साडेचार टक्क्यांनी पंचवीस वर्षांसाठी घेतले, तर वर्षाला साधारण चाळीस लाखांच्या वर हप्ता बसतो आणि शेवटी दिलेले पैसे होतात दहा कोटींच्या पुढे. (हा माझा कॅल्क्युलेटरवरचा हिशोब आहे, ॲलनच्या बॉण्डचा खरा रेट नाही.) त्यात आणखी एक गोष्ट. मैदानावरचं कृत्रिम गवत साधारण आठदहा वर्षं टिकतं, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ते दोनदा तरी बदलायचं. दिवे, स्क्रीन, स्वच्छता, सिक्युरिटी, इन्शुरन्स, हे सगळं मात्र पहिल्या डब्यातून, ज्यातून शिक्षकांचा पगार जातो. म्हणजे बांधताना दोन डबे वेगळे, पण बांधून झाल्यावर इमारत पहिल्या डब्यातही हात घालतेच. बाबांच्या वीज-पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आणि हा आकडा मतपत्रिकेवर कधीच छापलेला नसतो.

दुसऱ्या बाजूने पण बघा. १८ हजार जागा, सहा कोटी डॉलर, म्हणजे एका खुर्चीला ३,३०० डॉलरच्या आसपास. पुढे केटीला आणि मकिनीला बांधलेली स्टेडियम्स प्रत्येकी १२ हजार जागांची, किंमत सात कोटी किंवा त्याच्या वर, म्हणजे एका खुर्चीला सहा हजारांच्या जवळ. त्या मानाने ॲलनचं स्वस्तच पडलं. शिवाय खाली कुस्तीच्या मुलांसाठी प्रॅक्टिसची खोली, वेट रूम, गोल्फच्या टीमला आत सराव करायची जागा. पण वर्षाला घरच्या मैदानावरच्या रेग्युलर मॅचेस किती, तर पाच, फार तर सहा. बाकी बँडच्या स्पर्धा, पदवीदान, प्लेऑफच्या मॅचेस वगैरे होतात, पण १८ हजार खुर्च्या भरायच्या रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच.

३१ ऑगस्ट २०१२ ला उद्घाटनाची मॅच झाली, समोर साउथलेक कॅरोल, म्हणजे टेक्सासमधली नावाजलेली टीम. स्टेडियम तुडुंब, ॲलन २४–० ने जिंकले. त्या दिवशी ते देशातलं सगळ्यात महागडं हायस्कूल स्टेडियम होतं, त्या वेळच्या भावाने तीनशे तीस कोटी रुपये धरा. देशभरातून टीव्हीवाले आले. आणि टीका एवढी बोचली त्याला वेळ पण तशीच होती. २०११ मध्ये टेक्सासच्या विधानसभेने सरकारी शाळांच्या बजेटमधून दोन वर्षांसाठी ५.४ अब्ज डॉलर कापले होते, राज्यभर शिक्षकांच्या जागा जात होत्या, वर्गातली मुलं वाढत होती. स्टेडियमला मत २००९ मध्ये पडलं होतं आणि हे कपातीचं नंतर आलं, पण बघणाऱ्याला एकाच पेपरात दोन्ही बातम्या शेजारीशेजारी दिसल्या. माझी एक मैत्रीण तेव्हा जवळच्याच एका डिस्ट्रिक्टमध्ये असिस्टंट टीचर होती, तिची जागा त्याच वर्षी गेली. ती एवढंच म्हणाली की मला फुटबॉलचा राग नाही, पण त्या दिव्यांचा उजेड आमच्या घराच्या खिडकीतून दिसतो.

खेळाच्या बाबतीत म्हणाल तर ॲलनने पैसे फुकट घालवले असं कोणीच म्हणू शकणार नाही. टॉम वेस्टरबर्ग कोच, कायलर मरे क्वार्टरबॅक (म्हणजे चाल चालवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), आणि २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं राज्याचं अजिंक्यपद. मरे स्टार्टर म्हणून हायस्कूलमध्ये एकही मॅच हरला नाही. पुढे २०१८ मध्ये त्याला कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली आणि २०१९ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तेव्हा) तो पहिलाच निवडला गेला.

पण मधेच २०१४ आलं.

उद्घाटनाला दीड वर्षसुद्धा धड झालं नव्हतं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये डिस्ट्रिक्टने स्टेडियम बंद केलं. कारण तडे. वर जिथून लोक चालतात, जिथे खाण्याचे स्टॉल असतात, त्या कॉनकोर्सच्या काँक्रीटला तडे गेले होते. काँक्रीट वाळताना थोडं आकसतं आणि केसासारख्या बारीक भेगा येतात हे कुठलाही गवंडी सांगेल, आणि सुरुवातीला तसंच असेल असा समज होता. पण हे तडे पाव इंचापासून पाऊण इंचापर्यंत रुंद होते. पाऊण इंच म्हणजे त्यात बोट जाईल. बाबा आणि मी ज्या कठड्याला टेकून उभे होतो ती हीच पातळी, दुरुस्तीनंतरची, आणि हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. त्या रात्री मध्यंतरात तिथे इतकी गर्दी होती की बँडच्या मुलांचे आईवडील झायलोफोनच्या गाड्या ढकलत "साइड, साइड" ओरडत जात होते, लहान पोरं नाचोजच्या प्लेट घेऊन पळत होती, सगळ्यांचं वजन त्याच स्लॅबवर.

डिस्ट्रिक्टने बाहेरचे इंजिनियर आणून तपासणी करून घेतली. त्यांच्या रिपोर्टमध्ये आलं की दोष मुख्यतः डिझाइनमध्येच आहे, कॉनकोर्सच्या काही भागांचा आधार बिल्डिंग कोडप्रमाणे नाही, अपेक्षित भार तो सुरक्षितपणे पेलणार नाही. म्हणजे चांगलं सिमेंट, नवं बांधकाम, सगळं असूनही कागदावरच गणित चुकलेलं. मे महिन्यात जाहीर झालं की अख्खा २०१४ चा सीझन स्टेडियम बंद राहणार. त्या वर्षीचं पदवीदानही दुसरीकडे करावं लागलं. दुरुस्ती सुमारे एक कोटी डॉलरची झाली, ती आर्किटेक्ट आणि बिल्डर कंपन्यांनी उचलली, टॅक्स भरणाऱ्यांवर आली नाही. डिस्ट्रिक्टने इथे चोख काम केलं असं मी म्हणेन. शंका येताच बंद केलं, रिपोर्ट लपवला नाही, आणि करार नीट होते म्हणून दुसऱ्याकडून पैसे निघाले. आपल्याकडे पूल पडल्यावर चौकशी समिती बसते, इथे पडायच्या आधी कुलूप लागलं, ह्याची किंमत कुठल्याही हिशोबात धरता येत नाही.

आणि ह्या बंद वर्षात जे झालं ते मला ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१४ च्या सीझनमध्ये ॲलनकडे स्वतःचं मैदान नव्हतं, शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या मैदानांवर "होम" मॅचेस खेळले, बसने ये-जा, लॉकर रूम परक्या. आणि १६ पैकी १६ मॅचेस जिंकून तिसरं अजिंक्यपद घेऊन आले. पहिलं स्टेट टायटल तर त्यांनी २००८ मध्ये जिंकलं होतं, जुन्या तात्पुरत्या स्टँडच्या काळात. म्हणजे स्टेडियममुळे टीम जिंकते, मुलांना स्कॉलरशिप मिळतात, असं जे प्रत्येक बॉण्डच्या वेळी सांगतात, त्याचं उत्तर ॲलननेच देऊन ठेवलंय. पोरं जिंकतात ती कोचमुळे, वर्षभराच्या मेहनतीमुळे, आणि पाच हजारांतून निवडलेली असल्यामुळे. स्टेडियम हे गावाच्या हौसेसाठी असतं. हौस वाईट नाही, गणपतीला आपण काय कमी खर्च करतो का, पण ती हौस आहे असं मोकळेपणाने सांगून वर्गणी मागावी, पोरांच्या भविष्याच्या नावाने नाही.

ॲलननंतर बाकीच्यांनी धडा घेतला का, तर घेतला, पण वेगळाच. ह्यूस्टनजवळच्या केटीने २०१३ मध्ये ६.९५ कोटींच्या स्टेडियमसाठी बॉण्ड काढला. एकूण पॅकेज ९.९ कोटींचं, म्हणजे त्यात स्टेडियम स्पष्ट उठून दिसत होतं. लोकांनी नाकारलं. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, ७४.८ कोटींचा बॉण्ड आणला, त्यात नव्या शाळा, दुरुस्त्या, सगळं काही, आणि त्यातच कुठेतरी ५.८ कोटींचं स्टेडियम. पास झालं. नवीन शाळा हव्यात म्हणून हो म्हटलं की स्टेडियमलाही हो. २०१७ मध्ये ते उघडलं तेव्हा खर्च ७ कोटींच्या पुढे गेला होता, आणि ते बांधलं कुठे, तर आधीच्या चालू स्टेडियमच्या अगदी शेजारी! ह्याला मी लबाडी म्हणत नाही, कायद्यात बसतं ते, पण आधी एकदा नाही म्हणालेल्या माणसाला पुन्हा असं विचारणं मला पटत नाही.

मकिनी तर ॲलनला लागूनच. २०१६ च्या मे मध्ये २२ कोटींचा बॉण्ड, त्यात स्टेडियमचे ५.०३ कोटी, शिवाय जुन्या २००० सालच्या बॉण्डमधले उरलेले १.२५ कोटी. म्हणजे मतपत्रिकेच्या वेळी ज्यांनी नीट वाचलं नाही त्यांना पाच कोटीच माहीत, खरा आकडा सव्वासहा, आणि २०१८ ला बांधून होईपर्यंत सात कोटींच्या घरात. आणि उघडायच्या आधीच, २०१८ च्या सुरुवातीला, तिथेही काँक्रीटला तडे सापडले. ते वाचलं तेव्हा मला अंगावर काटा आला, दहा मैलांच्या आत दुसऱ्यांदा! मकिनीच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी, त्यांची तीन हायस्कूल्स ते मैदान वाटून वापरतात. फ्रिस्कोने त्याहून वेगळा रस्ता काढला. डॅलस काउबॉइज टीमचं हेडक्वार्टर तिथे आलं तेव्हा १२ हजार जागांचं बंदिस्त मैदान शहर, काउबॉइज आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ह्यांनी मिळून केलं, डिस्ट्रिक्टने त्यात ३ कोटी डॉलर घातले आणि त्यांच्या सगळ्या हायस्कूल्सना तिथे खेळायला मिळतं. शाळेची मुलं एनएफएलच्या टीमच्या सरावाच्या मैदानावर खेळतात आणि डिस्ट्रिक्टचे पैसे ॲलनच्या निम्मे. प्रत्येक गावाला असा भागीदार मिळत नाही हे कबूल, पण पाच शुक्रवारांसाठी एकट्याने बांधायच्या आधी कोणाशी वाटून घेता येईल का हे विचारलं तरी पाहिजे.

२०१९ मध्ये राज्याने नवे कायदे केले त्यांत बॉण्डबद्दल दोन चांगल्या गोष्टी आल्या. एक, हजारपेक्षा जास्त जागांचं स्टेडियम असेल तर त्यासाठी मतपत्रिकेवर स्वतंत्र प्रश्न विचारायचा, शाळांच्या दुरुस्तीबरोबर गुंडाळायचा नाही. पोहण्याचे तलाव आणि नाट्यगृहांनाही तेच. दोन, प्रत्येक बॉण्डच्या प्रश्नाखाली कॅपिटल अक्षरात लिहायचं की ही प्रॉपर्टी टॅक्सची वाढ आहे. २००९ ला ॲलनमध्ये हे असतं तर? मला प्रामाणिकपणे वाटतं की स्टेडियम तरीही पास झालं असतं, ते गावच तसं फुटबॉलवेडं आहे. पण मग ते त्यांचं स्वतःचं, डोळे उघडे ठेवून घेतलेलं मत असतं, आणि कोणी बाहेरचा बोलला असता तर गावाला छाती पुढे काढून सांगता आलं असतं की आम्ही विचारून केलं.

पहिल्या डब्याचं, रोजच्या खर्चाच्या, काय झालं ते सांगायचं राहिलं. टेक्सासमध्ये प्रत्येक मुलामागे राज्य जी मूळ रक्कम धरतं ती २०१९ मध्ये ६,१६० डॉलर ठरली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. मधल्या काळात अंडी, डिझेल, इन्शुरन्स, सगळं कुठल्या कुठे गेलं. २०२५ मध्ये वाढ मिळाली ती ५५ डॉलरची. आणि कॉलिन काउंटीतली ही गावं आता पूर्वीसारखी तरुण राहिली नाहीत, घरं इतकी महाग झालीत की लहान मुलं असलेली कुटुंबं आणखी उत्तरेला जातात, त्यामुळे पटसंख्या उतरतेय. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ॲलनच्या बोर्डाने दोन प्राथमिक शाळा बंद करायचा निर्णय घेतला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मकिनीने तीन. इमारती होत्या, बऱ्याच चांगल्या स्थितीत होत्या, त्या चालवायला रोजचा पैसा पुरेना. ह्या शाळा स्टेडियममुळे बंद पडल्या असं म्हणणं खोटं ठरेल आणि मी ते म्हणत नाही, कारण तेच, डबे वेगळे. पण ज्या आईचं पोर सकाळी चालत शाळेत जायचं आणि आता बसने जातं, तिला हे डब्यांचं गणित ऐकवून बघा.

बाबांना मी फोनवर शाळा बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं की पोरांना नवीन शाळा किती लांब पडते. मग म्हणाले, "त्या स्टेडियमचे हप्ते अजून चालू आहेत ना?" म्हटलं हो, बॉण्ड वीसपंचवीस वर्षांचे असतात. त्यांनी त्यांच्या काळात शाळेच्या दोन खोल्यांसाठी गावातून वर्गणी काढली होती, पावतीपुस्तक अजून घरी आहे, त्यात शेवटच्या पानावर पुढच्या पाच वर्षांच्या कौलं-चुन्याचा अंदाजी खर्च हाताने लिहिलेला आहे. गावकऱ्यांना पावती देताना ते पान आधी दाखवायचे.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये पुढचा बॉण्ड येतोय अशी चर्चा आहे. मी बोर्डाच्या मीटिंगमध्ये तीन मिनिटं बोलायला नाव देणार आहे आणि एकच मागणी करणार आहे: जे काही बांधायचं त्याच्या आकड्याखाली आणखी दोन आकडे छापा, व्याजासकट एकूण किती देणार तो, आणि बांधून झाल्यावर दर वर्षी पहिल्या डब्यातून किती जाणार तो. कॉलिन काउंटीतले कोणी हे वाचत असाल तर तुम्हीही या, नाव द्यायला मीटिंगच्या दिवशी जरा लवकर जावं लागतं.